पीएफ ट्रस्टचा टीडीएस: ऑगस्टात कापला, सभासदाला अजून दिसत नाही

प्रश्न: आमच्या कारखान्याचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे, ईपीएफओकडून सूट मिळालेला, म्हणजे सभासदांचा पीएफ ट्रस्टच सांभाळतो. हिशेबाचे काम यंदाच माझ्याकडे आले. ऑगस्ट २०२५ मध्ये नोकरी सोडलेल्या एका सभासदाचे ३,८४,००० रुपये होत होते. आमच्याकडची नोकरी चार वर्षे दोन महिने, म्हणजे पाच वर्षांखालची, म्हणून १० टक्क्यांनी ३८,४०० कापून ५ सप्टेंबरला भरले; पण चलान ट्रस्टऐवजी कंपनीच्या टॅनवर (कर कापणाऱ्याच्या क्रमांकावर) गेले. दुसऱ्या तिमाहीचे २६क्यू (टीडीएसचे तिमाही रिटर्न) १९ नोव्हेंबरला भरले गेले. आता सभासदाला २६एएसमध्ये (त्याच्या पॅनवर जमा कराच्या उताऱ्यात) त्या रकमेपुढे 'यू' दिसतो. आणखी एकाचा पॅन चुकीचा पडला आहे. शिवाय व्हीपीएफ (स्वेच्छेने जादा पीएफ) भरणाऱ्या काही अधिकाऱ्यांनी २०२४-२५ चे व्याज त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये दाखवले आहे; ते विचारतात की २०२४-२५ च्या करपात्र व्याजावरचा टीडीएस २०२५-२६ मध्ये कसा दिसतो? व्याज आम्ही जुलैत खात्यांवर चढवले होते. आधी काय दुरुस्त करू?
— हिशेबनीस, चाकण

उत्तर:

आधी चलान. बाकी सगळे त्याच्या मागे. (खालची कलमे आणि फॉर्म ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या कापणीला लागणाऱ्या जुन्या आयकर कायद्याचे आहेत.)

कंपनी आणि ट्रस्ट हे आयकर खात्याच्या लेखी दोन वेगळे कापणारे आहेत. सभासदाला पैसे विश्वस्त देतात, म्हणून कापणीही विश्वस्तांची आणि टॅनही ट्रस्टचा. आपल्या २६क्यूमध्ये ट्रस्टचा टॅन आहे, त्याखालचे चलान मात्र कंपनीच्या टॅनवर जमा आहे, त्यामुळे यंत्रणेला जोडी सापडत नाही. 'यू' म्हणजे न जुळलेले. पैसे सरकारजमा असूनही त्या ओळीचे श्रेय सभासदाला मिळत नाही. एफव्हीयू (रिटर्नची फाइल तपासणारे सॉफ्टवेअर) चालवताना सीएसआय फाइल (टॅनवर जमा चलानांची यादी) लावतो, तेव्हा हे चलान जुळत नसल्याचे तिथेच दिसले असणार. तो अहवाल न बघता पुढे जाण्याची सवय बऱ्याच कार्यालयांत आहे आणि निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

यातून सुटायचे दोन मार्ग. पहिला, टीडीएसच्या निर्धारण अधिकाऱ्याकडे चलानावरचा टॅन बदलून देण्याचा अर्ज. सोबत कंपनीचे ना-हरकत पत्र आणि या चलानातली रक्कम कंपनीने आपल्या कुठल्याच रिटर्नमध्ये वापरली नसल्याचा लेखी खुलासा. यात भरण्याची तारीख ५ सप्टेंबरच राहते, व्याज लागत नाही. पण अर्ज किती दिवस टेबलावर राहील ते आपल्या हातात नाही. दुसरा, ट्रस्टच्या टॅनवर ३८,४०० पुन्हा भरायचे आणि कंपनीच्या टॅनवर पडलेले जुने चलान कंपनीने स्वतःच्या पुढच्या तिमाहीत वापरून टाकायचे. कंपनी दर महिन्याला पगारावरचा टीडीएस भरतेच, तेव्हा ते खपायला अडचण नाही.

रक्कम ३८,४०० च असेल तर आम्ही दुसरा मार्ग सुचवू. कापल्यानंतर उशिरा भरण्याचे व्याज महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला दीड टक्का. डिसेंबरात भरले तर ऑगस्ट ते डिसेंबर असे कॅलेंडरचे पाच महिने धरा: ३८,४०० वर साडेसात टक्के, २,८८० रुपये. सभासदाचे श्रेय काही आठवड्यांत जागेवर येते आणि त्याच्या मागे लागलेल्या फोनांपेक्षा हे स्वस्त पडते. रक्कम काही लाखांत असती तर सल्ला उलटा दिला असता.

हे २,८८० आणि पुढे येणारी लेट फी ट्रस्टच्या निधीतून भरू नका. तो निधी सभासदांचा आहे, आणि सूट मिळालेल्या ट्रस्टचा कारभारखर्च मालकाने सोसायचा ही सूट मिळण्याचीच अट आहे. त्याच दिवशी कंपनीकडून मूळ ३८,४०० सुद्धा ट्रस्टच्या बँकखात्यात परत घ्या, कारण जुने चलान आता कंपनी वापरणार. ही नोंद राहिली की मार्चच्या लेखापरीक्षणात ट्रस्टला तेवढी तूट दिसते आणि कोणालाच कारण आठवत नाही.

नवे चलान भरल्यावर ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवरून दुसऱ्या तिमाहीची कॉन्सो फाइल (भरलेल्या रिटर्नची दुरुस्तीसाठीची प्रत) मागवा, न जुळलेल्या चलानाच्या जागी नवा बीएसआर कोड (बँकशाखेचा क्रमांक), तारीख आणि चलान क्रमांक टाका. व्याजाची रक्कम व्याजाच्या रकान्यात दाखवा. सगळी ४१,२८० कराच्या रकान्यात टाकली तर व्याज न भरल्याची नोटीस पुन्हा येते. डिजिटल सही लावलेली असेल तर हीच दुरुस्ती ट्रेसेसवर थेटही करता येते.

लेट फी: दुसऱ्या तिमाहीची मुदत ३१ ऑक्टोबर, आपण भरले १९ नोव्हेंबरला, म्हणजे १९ दिवस. कलम २३४ई खाली दिवसाला २०० प्रमाणे ३,८००. ही फी त्या रिटर्नमधल्या एकूण टीडीएसपेक्षा जास्त होत नाही. ती मुळात रिटर्नसोबतच भरायची असते. राहिली असेल तर नोटिशीची वाट न बघता भरा आणि दुरुस्ती रिटर्नमध्ये दाखवा. २७१एच चा दंड १०,००० ते १,००,००० असा वेगळा आहे. कर, व्याज, फी भरून मुदतीपासून एका महिन्याच्या आत रिटर्न दिले तर तो लागत नाही. ही सवलत पूर्वी एका वर्षाची होती, १ एप्रिल २०२५ पासून ती महिन्यावर आली. आपले रिटर्न महिन्यात गेले, पण चलानाचा घोळ निघालाच तर ५ सप्टेंबरच्या चलानाची प्रत कामी येईल. ती फाइलला लावून ठेवा.

आता एक प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे: त्या सभासदाचा कर कापायचा होता का?

पाच वर्षांची अट आपल्या कारखान्यातल्या नोकरीपुरती नाही. आधीच्या मालकाकडची पीएफ शिल्लक आपल्या ट्रस्टकडे वर्ग झाली असेल तर तिथली नोकरीही मोजली जाते. त्याची आधीची नोकरी दोन वर्षांची असेल आणि रक्कम वर्ग होऊन आली असेल, तर एकूण सहा वर्षे दोन महिने झाली आणि कापणीला जागाच नव्हती. हे कळण्याचा कागद म्हणजे अॅनेक्शर के, पीएफ वर्ग होताना आधीच्या ठिकाणाहून येणारा तपशील. तो आला की लोक रक्कम चढवतात आणि मागच्या नोकरीच्या तारखा तशाच सोडून देतात. आधीचा पीएफ काढून घेतला असेल तर मात्र ती वर्षे गेली, नव्या नोकरीपासून मोजणी सुरू.

पाच वर्षे झाली नसली तरी आजारपणामुळे नोकरी सुटली, मालकाचा धंदा बंद झाला किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या अन्य कारणाने नोकरी गेली, तर रक्कम करपात्र होत नाही. नव्या मालकाच्या पीएफमध्ये रक्कम वर्ग केली तरीही नाही. म्हणून नोकरी सोडण्याचे कारण 'राजीनामा' असे सरसकट लिहू नका. लाइन बंद झाली म्हणून कमी केलेल्या कामगाराच्या फाइलवर राजीनामा असला, तर त्याचे दहा टक्के उगाच जातात.

या सभासदाबाबत कापणी चुकीची निघाली तरी भरलेला कर आता परत खेचायच्या भानगडीत पडू नका. चलान जुळवून द्या, मागच्या सेवेचे पत्र द्या. तो आपल्या रिटर्नमध्ये परतावा मागेल. चलान जुळेपर्यंत मात्र त्याला तेही करता येणार नाही.

कलमाबद्दल थोडे. बहुतेक सूट मिळालेले ट्रस्ट १९२ए (पीएफ काढण्यावरच्या टीडीएसचे कलम) खालीच कापतात: करपात्र शिल्लक ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर १० टक्के, पॅन नसेल तर २० टक्के. पण मान्यताप्राप्त पीएफच्या विश्वस्तांसाठी १९२(४) आणि चौथ्या परिशिष्टातला नियम १० हेही आहेत, आणि तिथे वर्षागणिक फेरहिशेब करून कर काढायचा असतो. आपला ट्रस्ट कोणत्या वाटेने जातो ते लेखापरीक्षकाच्या लेखी मतासह विश्वस्तांच्या ठरावात नोंदवून घ्या. माणूस बदलला की पद्धत बदलते, हे सर्वांत वाईट.

दुसरा सभासद, चुकलेला पॅन. एफव्हीयू पॅनची फक्त रचना तपासते: पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. एक अंक इकडचा तिकडे झाला आणि तो पॅन दुसऱ्या कोणाचा निघाला, तर फाइल बिनबोभाट जाते आणि कर परक्याच्या २६एएसमध्ये बसतो. ऑफलाइन दुरुस्तीत पॅनमधली जास्तीत जास्त दोन अक्षरे आणि दोन अंक बदलता येतात. चूक त्याहून मोठी असेल तर ती ओळ काढून टाकता येत नाही. रक्कम शून्य करायची आणि त्याच चलानाखाली बरोबर पॅनची नवी ओळ घालायची. दुरुस्ती मंजूर झाल्यावर १६ए (टीडीएसचे प्रमाणपत्र) ट्रेसेसवरून नव्याने उतरवा, आधीचा रद्द समजा म्हणून सभासदाला कळवा. १६ए ची मुदत रिटर्नच्या मुदतीनंतर १५ दिवस, म्हणजे या तिमाहीला १५ नोव्हेंबर होती. उशिराला दिवसाला ५०० पर्यंत दंड लागू शकतो, तेव्हा तेही लांबवू नका.

पॅन बरोबर असला तरी तो चालू आहे का, हे वेगळे बघावे लागते. आधारशी न जोडलेला पॅन निष्क्रिय धरला जातो आणि दर २० टक्क्यांवर जातो. सभासद नोकरीला लागला तेव्हाची झेरॉक्स इथे उपयोगाची नाही. पैसे देण्याच्या आठवड्यात तपासा आणि त्या तपासणीची छापील प्रत दाव्याच्या फाइलला लावा.

ज्यांच्याकडून १५जी ('माझा कर कापू नका' असे घोषणापत्र) घेतले असे सभासद असतील तर त्यांच्याकडेही एक नजर. सभासद निवासी आणि ६० वर्षांखालचा हवा, वर्षाच्या एकूण उत्पन्नावर कर शून्य हवा, आणि ज्या रकमांसाठी १५जी देतो त्यांची बेरीज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत हवी. ही शेवटची अट लोक विसरतात. ६० आणि वरच्यांसाठी १५एच. प्रत्येक फॉर्मला २६ अक्षरांचा क्रमांक ट्रस्टने द्यायचा: 'जी' किंवा 'एच' आणि नऊ अंक, मग वर्ष २०२५२६, मग टॅन. तिमाही संपल्यावर १५ जुलै, १५ ऑक्टोबर, १५ जानेवारी आणि शेवटच्या तिमाहीला ३० एप्रिलपर्यंत पोर्टलवर चढवायचे. शिवाय कर कापला नसला तरी २६क्यूमध्ये त्या सभासदाची ओळ यायलाच हवी, कारणाच्या रकान्यात 'बी' टाकून. फॉर्म सात वर्षे जपायचे.

अनिवासी सभासद असेल तर त्याची ओळ २६क्यूमध्ये नाही, २७क्यूमध्ये. चाकणच्या पट्ट्यातून परदेशी गेलेले अभियंते असतातच. बाहेर पडतानाच्या फॉर्मवर निवासी स्थितीचा रकाना नसेल तर घालून घ्या.

आता पीएफवरचे व्याज. अधिकारी मंडळींचा प्रश्न अगदी रास्त आहे.

२०२१-२२ पासून सभासदाची स्वतःची वर्गणी, व्हीपीएफ धरून, वर्षाला २,५०,००० च्या वर गेली तर वरच्या भागावरचे व्याज करपात्र आहे. नियम ९डी प्रमाणे एकाच पीएफ खात्यात दोन कप्पे ठेवायचे. करमुक्त कप्प्यात ३१ मार्च २०२१ ची शिल्लक, नंतरची मर्यादेतली वर्गणी आणि त्यांवरचे व्याज. करपात्र कप्प्यात मर्यादेबाहेरची वर्गणी आणि तिच्यावरचे व्याज. करपात्र कप्पा दर वर्षी नव्याने सुरू होत नाही, साचत जातो. गोंधळ नेमका इथे होतो, म्हणून हिशेब मांडून दाखवतो.

सभासद महिन्याला ३०,००० भरतो. एप्रिल ते नोव्हेंबर २,४०,०००. डिसेंबरच्या ३०,००० पैकी १०,००० करमुक्त कप्प्यात, २०,००० करपात्र कप्प्यात. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च पूर्ण करपात्र. वर्षअखेर करपात्र वर्गणी १,१०,०००. व्याज मासिक शिल्लकेवर, जमा झाल्याच्या पुढच्या महिन्यापासून: २०,००० ला तीन महिने, ३०,००० ला दोन, ३०,००० ला एक, मार्चच्या रकमेला काही नाही. ८.२५ टक्क्यांनी व्याज येते १,०३१ रुपये. टीडीएसच्या १०,००० च्या मर्यादेच्या फार खाली, म्हणून टीडीएस नाही. दुसऱ्या वर्षी तेवढीच वर्गणी राहिली, तर सुरुवातीच्या १,११,०३१ वर वर्षभराचे ९,१६० आणि नव्या जादा वर्गणीवरचे १,०३१, एकूण १०,१९१. आता १०,००० ओलांडले, आणि कर ओलांडलेल्या १९१ वर नाही, सगळ्या १०,१९१ वर: १,०१९ रुपये. सभासदाने वर्गणीत काहीच बदल केलेला नसतो, म्हणून त्याला वाटते की ट्रस्टने चूक केली. हा तक्ता त्यांना दाखवा.

१९४ए (व्याजावरच्या टीडीएसचे कलम) ची मर्यादा पीएफ ट्रस्टसाठी १ एप्रिल २०२५ पासून १०,००० झाली, त्याआधी ५,००० होती. म्हणून व्याज जमा झाल्याची तारीख कोणती, हा प्रश्न फक्त कोणत्या वर्षात दिसते एवढ्यापुरता राहत नाही. जमा जुलै २०२५ ची धरली तर मर्यादा १०,०००. ३१ मार्च २०२५ ची धरली तर ५,०००. आणि 'आम्ही तर जुलैत चढवले' एवढे म्हणून भागत नाही. ३१ मार्चच्या ताळेबंदात ते व्याज 'देणे व्याज' म्हणून किंवा सभासदांच्या खात्यांत दाखवले असेल, तर कायद्याच्या दृष्टीने जमा तेव्हाच झाली आणि कर ३० एप्रिलपर्यंत भरायला हवा होता. मार्च २०२५ चा ताळेबंद काढून बघा. तिथे नोंद सापडली तर लेखापरीक्षकासह २०२४-२५ च्या चौथ्या तिमाहीचे काम हाती घ्यावे लागेल, व्याजासह.

सभासदांनी केले ते बरोबरच आहे. व्याज ज्या वर्षाचे त्याच वर्षात दाखवायचे. त्यांची अडचण एवढीच की उत्पन्न एका वर्षात आणि टीडीएस पुढच्या वर्षात. अशांसाठी कलम १५५(२०) आणि फॉर्म ७१ आहे: ज्या आर्थिक वर्षात कर कापला त्याच्या अखेरपासून दोन वर्षांत ऑनलाइन अर्ज केला की श्रेय आधीच्या वर्षाला मिळते. जुलै २०२५ च्या कापणीला ही मुदत ३१ मार्च २०२८ ला संपते. प्रत्येकाला व्याजाचे वर्ष, रक्कम, कर आणि चलानाचा तपशील असलेले पत्र ट्रस्टच्या शिक्क्यानिशी द्या.

२०२५-२६ साठी हे होऊच नये म्हणून मार्चअखेर मागच्या वर्षीच्या दराने करपात्र व्याज काढा, मर्यादेबाहेरच्यांचा कर कापा आणि ३० एप्रिलच्या आत भरा. ईपीएफओचा दर नंतर वेगळा जाहीर झाला तर फरक तेव्हा कापता येतो. ज्यांचे व्याज १०,००० च्या आत आहे त्यांची नोंद एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात) येईलच असे नाही, पण त्यांनाही ते उत्पन्नात धरावेच लागते. वार्षिक उताऱ्यावर दोन्ही कप्प्यांची सुरुवातीची शिल्लक, वर्गणी, व्याज आणि अखेरची शिल्लक स्वतंत्र छापा. दुसरीकडून वर्ग होऊन आलेल्या रकमेचीही ही विभागणी मागून घ्या. ईपीएफओने एप्रिल २०२५ मध्ये फॉर्म १३ (पीएफ वर्ग करण्याचा अर्ज) च्या नव्या सोयीत ती दिली आहे. विभागणी न घेता सगळी रक्कम करमुक्त कप्प्यात टाकली तर मागच्या ट्रस्टमधली करपात्र शिल्लक आपल्याकडे येऊन गायब होते, आणि पुढचा प्रत्येक हिशेब चुकतो.

दर महिन्याच्या ५ तारखेला खातेवहीतला देय टीडीएस, ट्रस्टच्या टॅनवरची चलाने आणि २६क्यूसाठी तयार केलेल्या ओळी या तीन बेरजा शेजारी मांडा. ७ तारीख ही भरण्याची मुदत, तेव्हा जुळल्या नाहीत तर तिच्या आधीच फरक शोधा आणि मगच चलान भरा. चलान भरणाऱ्याच्या लॉगिनमध्ये कंपनी आणि ट्रस्ट दोन्हीचे टॅन साठवलेले असतील तर ते आजच वेगळे करा. आपली पहिली चूक बहुधा तिथेच झाली आहे.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू, आणि तिथून कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या जमा-कापणीला मात्र जुनाच कायदा आणि जुनेच फॉर्म, मग ते चौथ्या तिमाहीचे रिटर्न मे महिन्यात भरले तरी. एप्रिलची पहिली कापणी आणि मार्चची शेवटची एकाच फाइलमध्ये पडणार नाही, एवढी काळजी सॉफ्टवेअरवाल्याकडून आधीच घ्या.